हृदयाचा धडा आकृतीपाशीच का थांबतो?



गेली एकोणीस वर्षं मी उच्च प्राथमिकच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आठवीला मानवी शरीराचा पाठ आला की हृदयाची आकृती मी पुस्तक न बघता फळ्यावर काढते. उजवं अलिंद, डावं अलिंद, उजवं निलय, डावं निलय, मधल्या झडपा, वरची महाधमनी. लाल खडू, निळा खडू, बाण, नावं. मुलंही सुरेख आकृत्या काढतात आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेतात. हा पाठ आपल्याला चांगला शिकवता येतो, असा माझा समज होता.

तो समज गेल्या वर्षी डिसेंबरात गेला. शाळेत दुसऱ्या तासाला आमचे गणिताचे सर छाती चोळत स्टाफरूममध्ये आले. वय ५१. "काल लग्नाचं जेवण झालं, पित्त खवळलंय," म्हणाले. थंडीचे दिवस होते, तरी कपाळावर घाम होता. डावा खांदा जड वाटतोय, असंही बोलून गेले. मी पर्समधली पित्ताची गोळी काढून दिली आणि सोडा मागवला. सर थोडा वेळ टेकून बसले, मग "बरं वाटतंय" म्हणत सातवीवर एक तास घेऊनही आले. दुपारी दीडला मात्र त्यांना बसवेना. तालुक्याला नेलं, ईसीजी निघाला, तिथून जिल्ह्याला. तो हार्ट अटॅक होता आणि तो सुरू होऊन तोवर चार तास उलटून गेले होते.

सर वाचले. अँजिओप्लास्टी झाली. पण त्या चार तासांत हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला. आज ते शाळेत येतात, पण वरच्या वर्गावर जाताना जिन्यात मध्ये थांबतात.

पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही तर आम्हाला हृदय शिकवता. मग सरांना अटॅक आलाय हे तुम्हाला कळलं नाही का?"

तिने सहज विचारलं होतं. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला हृदयाच्या झडपांची नावं पाठ होती आणि शेजारी बसलेल्या माणसाचा हार्ट अटॅक ओळखता आला नव्हता. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हृदयविकार दिसतो पन्नाशीत, पण त्याची सुरुवात शाळेच्या वयात होते. डबा, मैदान, झोप, घरातल्या मोठ्या माणसांच्या सवयी इथूनच तो हळूहळू घडतो. म्हणून हा धडा आकृतीवर संपवून चालणार नाही. आणि तो मुलांना शिकवण्याआधी आपण, म्हणजे शिक्षकांनी आणि पालकांनी, स्वतःला शिकवायला हवा.

आकृतीत जे राहून जातं

आपलं हृदय साधारण आपल्या मुठीएवढं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १ लाखाहून जास्त ठोके होतात. मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ते पुढे ढकलतं, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरच्या वर. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरची कल्पना करा, मुलांना लगेच समजतं.

पण गंमत अशी की आतून रक्ताने भरलेलं हे हृदय स्वतःच्या पोषणासाठी ते रक्त थेट वापरू शकत नाही. त्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून गुंडाळलेल्या बारीक करोनरी धमन्यांतून. या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. एक दिवस तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, धमनी बंद होते आणि तिच्यापुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. हाच हार्ट अटॅक. मिनिटामिनिटाला स्नायू मरत जातो. आमच्या सरांचे चार तास गेले म्हणजे नेमकं काय गेलं, ते यावरून लक्षात येईल.

मी इतकी वर्षं काढलेल्या आकृतीत चारही कप्पे असायचे. या करोनरी धमन्यांवर मात्र मी कधी दोन वाक्यं बोलले नव्हते.

'धोक्याचे घटक' ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढतच होता. पण वय वाढलं की रक्तदाब वाढणारच, त्यात विशेष काय, असं त्या काळी अनेक डॉक्टरही मानत. पुढे १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या छोट्या शहरात एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, ते पाहत राहायचं. त्यातून हळूहळू स्पष्ट झालं की वाढलेला रक्तदाब, रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान असलेल्यांना हा आजार जास्त होतो. 'रिस्क फॅक्टर' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द याच अभ्यासामुळे रूढ झाला.

दुसरी गोष्ट शाळेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी झाली. तिचा अहवाल १९५३ मध्ये आला. या सैनिकांचं सरासरी वय होतं २२. तरणीताठी, कवायत करणारी पोरं. तरीही त्यांच्यातल्या चारांपैकी तिघांच्या करोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा कमी-अधिक प्रमाणात दिसल्या. बाविसाव्या वर्षी खुणा दिसत असतील, तर सुरुवात कधी झाली असेल? दहाव्या, बाराव्या, पंधराव्या वर्षी. म्हणजे आपल्या वर्गात.

तिसरा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झालेला 'इंटरहार्ट'. केरळमध्ये जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत तो झाला. भारतही त्यात होता. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ गोष्टींनी समजावता येतो, असं त्यात दिसलं. तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातल्या लोकांना, म्हणजे आपल्याला, पहिला अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो. नोकरी चालू असताना, मुलं शिकत असताना.

"तो तर किती बारीक आहे!"

आमचे सर जाड नव्हते. म्हणूनच कोणाला शंका आली नाही. आपल्याकडे जाड माणसालाच हृदयविकार होतो, असा पक्का समज आहे.

इथे पुण्यातलं काम मुद्दाम सांगावंसं वाटतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी दिसतात, पण शरीरातली चरबी मात्र त्यांच्यात त्या मानाने कमी झालेली नसते, कमी असतो तो स्नायू. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, पण डॉ. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१ टक्के आणि डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९ टक्के. वरून बारीक, आतून चरबी.

म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते. भारतीय पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं मानतात. टेप प्रत्येक घरात असते. नाही तर शिवणकाम करणाऱ्या शेजारणीकडे असते. आज रात्री मोजून बघा.

मिठाची पिशवी: एक सोपं गणित

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. साधारण एक सपाट छोटा चमचा. मुलांना त्याहून कमी. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, आणि हृदयाला रोज जास्त जोर लावावा लागतो.

हे मी वर्गात तोंडी सांगितलं तर कोणीच मनावर घेतलं नाही. मग सातवीला गणित घातलं. घरी विचारून या, एक किलो मिठाची पिशवी किती दिवस पुरते आणि घरात माणसं किती. बऱ्याच जणांचं उत्तर आलं, चार माणसं आणि एक महिना. भागाकार केला. १,००० भागिले ४ भागिले ३०. उत्तर ८.३ ग्रॅम. त्यात थोडं मीठ भांड्यात, पाण्यात वाया जातं हे धरलं, तरी पापड, लोणचं, फरसाण, बिस्किटं, वडापाव, कुरकुऱ्यांची पाकिटं यांतलं मीठ या पिशवीत मोजलेलंच नाही. ५ ग्रॅमच्या हिशेबाने चार जणांना महिन्याला ६०० ग्रॅमच पुरायला हवं, आणि त्यातच पापड-लोणचंही आलं.

हे गणित मुलांनी घरी जाऊन सांगितलं. एकाची आजी म्हणाली, "मग आता काय अळणी खायचं?" प्रश्न बरोबर आहे. एकदम अळणी कोणी खाणार नाही आणि खायची गरजही नाही. ताटात वरून मीठ घेणं बंद करायचं. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते सोडायचं. लोणचं रोजचं न ठेवता कधीतरी घ्यायचं. लिंबू, कोकम, जिरं, ओला लसूण यांनी चव येते. दोन-तीन आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पाकिटावरचं लेबल वाचायलाही मुलांना शिकवा. तिथे 'सोडियम' असं लिहिलेलं असतं, मीठ नाही. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणलं की मीठ किती ते कळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दशांशाचा गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

साखरेचंही तेच. आपल्या स्टाफरूमचा चहा आठवा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे. आठ चमचे साखर झाली, आणि सोबत खारी, टोस्ट वेगळं. आपण हे खात असताना मुलांना "बाहेरचं खाऊ नका" म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

एक लक्षात घ्या, मी काही महागडं सुचवत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, ताक, हंगामात मिळणारा पेरू, बोरं, चिकू हे आपलंच आहे. ते डब्यातून गेलं आणि पाकीट आलं, ही गेल्या वीस वर्षांतली गोष्ट आहे.

कंडक्टर आणि ड्रायव्हर

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा, रोज शेकडो पायऱ्या. दोघांची नोकरी एकाच कंपनीत, राहणी जवळपास सारखी. पण हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरमध्ये जास्त आणि अटॅक आल्यावर लगेच मरण येण्याचं प्रमाण तर कंडक्टरच्या जवळपास दुप्पट.

आता आपल्या शाळेकडे बघा. आपण मुलांना काय बनवतो आहोत, कंडक्टर की ड्रायव्हर? ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं अंग हलवावं, घाम येईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्याकडे अभ्यासक्रम राहिला की सगळ्यात आधी बळी जातो तो पीटीचा तास. मी खोटं बोलत नाही, मीसुद्धा तो तास विज्ञानासाठी घेतला आहे. एकदा नाही, अनेकदा. मुलं हिरमुसायची, मी म्हणायची, "परीक्षा जवळ आली आहे." हृदयाचा पाठ पूर्ण करण्यासाठी मी हृदयाचाच व्यायाम बंद केला होता.

त्यातही मुलींचं जास्त अवघड. सहावी-सातवीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणाऱ्या मुली आठवीला मैदानाच्या कडेला बसलेल्या दिसतात. "आता मोठी झालीस" हे वाक्य घरून येतं. त्या मुलींच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या तब्येतीवर या वाक्याचा परिणाम होतो, हे पालकांनी समजून घ्यावं.

मोठ्यांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने.

तंबाखूचा फलक आणि तंबाखूचा खिसा

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या भिंतींवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं रंगवलेलंही आहे. पण मुलगा भिंत वाचत नाही, माणसं वाचतो. मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन हातावर मळणारे गुरुजी त्याला दिसतात. घरी सकाळी मिश्री लावणारी आजी दिसते, आणि कधी कधी आईही.

"आम्ही काय सिगारेट ओढत नाही, नुसती मिश्री लावतो," असं बायका म्हणतात. तंबाखू चघळा, ओढा किंवा दातांना घासा, निकोटीन रक्तात जातंच. ठोके वाढतात, दाब वाढतो. तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यांना ठाऊक असतं. तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो, हे मात्र कोणी सांगत नाही. चांगली बातमीही आहे. सिगारेट-बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. उशीर झाला असं कधीच नसतं.

झोप, ताण आणि न मोजलेला रक्तदाब

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या किशोरांना ८ ते १० तास झोप हवी. रात्री साडेअकरापर्यंत मोबाईल आणि सकाळी सहाला क्लास, यात ती बसत नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये झोपेचाच विचार करून घेतला. त्यावर आपल्यात बरीच कुरकुर झाली, सोयी-गैरसोयी आहेतच. पण मूल जागं राहतं ते घरी, आणि तिथे सरकारी निर्णय पोचत नाही.

आता आपल्याबद्दल. सरांच्या आजारानंतर मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलावून सगळ्या स्टाफचा रक्तदाब मोजून घेतला. माझा निघाला १५२/९६. दोन वेळा पुन्हा मोजला, तसाच. मला काहीही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. १४०/९० किंवा त्यावर वारंवार येत असेल तर तो उच्च रक्तदाब, आणि बहुतेकांना तो काहीच त्रास देत नाही, हीच त्याची खोड. मोजल्याशिवाय तो कळतच नाही. आमच्या अकरा जणांत चौघांचा जास्त निघाला आणि चौघांपैकी तिघांना त्याचा पत्ता नव्हता. सगळे मुलांना १२०/८० हा आकडा शिकवणारे.

सरांना मात्र पत्ता होता. दोन वर्षांपूर्वी गोळी सुरू झाली होती. "आता बरं वाटतंय" म्हणून त्यांनी ती बंद केली होती. 'एकदा गोळी सुरू झाली की सवय लागते' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. चष्म्याची सवय लागते म्हणून आपण चष्मा सोडतो का? गोळीमुळे दाब आटोक्यात असतो, बरा झालेला नसतो. बंद करायची असेल, कमी करायची असेल, तर ते डॉक्टर ठरवतील. मोबाईलवर येणारे 'ब्लॉकेज मोकळं करणारे' लसूण-आल्याचे काढेही गोळीची जागा घेऊ शकत नाहीत.

पण सगळं सवयींवर ढकलू नका

इथे मला एक सावधगिरी सांगायची आहे. असे लेख वाचून आजारी माणसालाच दोष द्यायची आपल्याला घाई होते. "खाण्यावर ताबा नव्हता" असं लोक सरांच्या मागे बोलले. ते बरोबर नाही. घराण्यात आजार असतो. वय कोणाला चुकत नाही. नीट वागणाऱ्यालाही अटॅक येतो. काही मुलांचं हृदय जन्मतःच सदोष असतं, तर काहींचा घसा वारंवार दुखून ताप येतो, उपचार अर्धवट राहतात आणि पुढे संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात. अशा मुलांना खेळताना धाप लागते, ओठ निळसर दिसतात. आळशी म्हणून त्यांना रागवू नका, तपासणीच्या पथकाला दाखवा.

आणि ताण तरी प्रत्येक वेळी आपण हौसेने घेतो का? माहिती भरा, ऑनलाइन करा, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, आणि वर निकाल चांगला हवा. शेतकरी पालकाला तर भावाची आणि पावसाची चिंता. 'ताण घेऊ नका' असं सांगून ताण जात नाही. म्हणून मी फक्त एवढंच म्हणते, जे आपल्या हातात आहे ते तरी सोडू नये.

शाळेत आणि घरी एवढं करता येईल

१. पीटीचा तास कोणत्याही विषयाला द्यायचा नाही. आमच्या शाळेत हा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत मांडून मंजूर करून घेतला आहे.

२. हृदयाच्या पाठाच्या दिवशी मुलांना मनगटावरची नाडी मोजायला लावा. बसून, मग मैदानाला दोन फेऱ्या मारून, मग पाच मिनिटांनी पुन्हा. आलेख काढून घ्या.

३. मिठाच्या पिशवीचं गणित आणि लेबल वाचन पाचवीपासून पुढे घ्या.

४. वाढदिवसाला चॉकलेट-पाकिटांऐवजी फळ, चिक्की किंवा शेंगदाणे-गूळ. पालक सभेत एकदा ठरवलं की कोणाला वाईट वाटत नाही.

५. मुलांचं वजन, पोट यावरून वर्गात एक शब्दही बोलू नका. चिडवलेलं मूल मैदानापासून आणखी लांब जातं.

६. तिशीनंतर प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय असते. जागतिक हृदय दिन २९ सप्टेंबरला असतो, तो दिवस ठरवून टाका.

७. आणि ही यादी स्टाफरूममध्ये लावा, स्वयंपाकघरातही लावा. छातीत दाब किंवा जडपणा, तो डाव्या हाताकडे, खांद्याकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, थंड घाम, धाप, मळमळ. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता अतोनात थकवा, धाप किंवा मळमळही असू शकते. असं काही असेल तर सोडा नको, वाट बघणं नको. माणसाला बसवा, चालू देऊ नका, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघेल तिथे न्या. पित्त निघालं तर देवाची कृपा, एक फेरी वाया गेली. पण उलट झालं तर गेलेला स्नायू परत येत नाही.

यंदा आठवीला तो पाठ आला तेव्हा आकृती काढली, आणि यावेळी बाहेरच्या करोनरी धमन्याही काढल्या. मग सर स्वतः वर्गात आले. त्यांनी खुर्चीत बसून मुलांना सांगितलं की त्या दिवशी नेमकं काय होत होतं, कुठे दुखत होतं, आणि गोळी त्यांनी का बंद केली होती. वर्ग इतका शांत मी पाहिला नव्हता. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, मग आता माझ्या बाबांना काय सांगू? ते पण म्हणतात पित्त आहे."

सर म्हणाले, "त्यांना म्हणावं, आजच जाऊन ईसीजी काढा. आणि मी सांगितलंय म्हणावं."

तुमच्या घरात, तुमच्या स्टाफरूममध्ये असं 'पित्त' कोणाला आहे का? आज विचारा.